आकडा का उतरत नाही

प्रिय वहिनी,

बारा वर्षांनी लहान असलेल्या भावजयीला वहिनी म्हणताना माझी जीभ कधी वळली नाही. तुमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत तोंडावर मी तुला ‘अगं’ म्हटलं, ‘ऐकलंस का’ म्हटलं, आणि पाठीमागे ‘त्याची बायको’. आज ‘प्रिय’ आणि ‘वहिनी’ एका ओळीत वाचून तुझ्या मनात पाल चुकचुकली असेल. चुकचुकू दे. तुझ्या जागी मी असते तर पाकीट फोडण्याआधी उजेडासमोर धरलं असतं. तू फक्त एवढं कर, हे पत्र दुकानातच वाच, गिऱ्हाईक नसताना, आणि राग आला म्हणून मध्येच फाडू नकोस. राग तर येणारच आहे.

मंगळवारी तुझा फोन आला. माझ्या धाकट्या भावाच्या अंगात साठलेल्या लोहाचा आकडा खाली का येत नाही, हे तू मला विचारलंस. मला म्हणजे आपल्या वन्संना, कारण डॉक्टरांना विचारून झालं होतं आणि दुसरं कोणी उरलं नव्हतं. पाच महिने झाले, दर गुरुवारी त्याच्या हातातून एक पिशवी रक्त काढायचं असं ठरलेलं. आतापर्यंत आकडा सतराशेच्या खाली यायला हवा होता. तो चोवीसशेवरून बावीसशेवर आला, तिथे अडून बसला, आणि या खेपेला उलटा वर सरकला. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवून तुला विचारलं की हा चोरून पितो का. यकृत आधीच कडक व्हायला लागलंय, असंच चाललं तर दोन-तीन वर्षांत हाताबाहेर जाईल, असंही ते म्हणाले. आणि तू मला रडत सांगितलंस की आठवडाभर तू तो घरी आला की त्याचं तोंड हुंगतेस. मी तेव्हा काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, वहिनी. तोंड हुंगणं थांबव. तो पीत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. तयार कपड्यांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं मी शेवटच्या टेबलाशी उभी आहे. शर्ट आला की तो उलटा करायचा, शिवण ओढून बघायची, बगलेत बोट घालायचं, सुटलेला धागा किंवा तेलाचा ठिपका दिसला की खडूने फुली मारायची. दिसायला चांगला शर्ट माझ्या हातात जास्त वेळ राहतो. टेबलावरच्या मुली मला माघारी ‘फुलीबाई’ म्हणतात. माघारी कोण काय म्हणतं हेही मी उलटं करून बघत असतेच. तुला धाकट्याने पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा तू हसून वाकलीस, खुर्ची ओढून मला दिलीस, आणि मी मनात म्हटलं, एवढी चांगली वागतेय म्हणजे आत काहीतरी उसवलेलं असणार. अकरा वर्षं मी ती शिवण शोधत होते.

पण हा गुण कारखान्याने दिला नाही, तो घरून आला. आमच्या वडिलांचं यकृत बिघडलं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि धाकटा चार. डॉक्टर म्हणाले, हे दारूने होतं. वडील म्हणाले, मी थेंबालाही शिवलेलो नाही. आईने कोणावर विश्वास ठेवला ते सांगायला नको. रोज संध्याकाळी ते छापखान्यातून आले की आई मला डोळ्याने खुणावायची. मी धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडायची आणि नाक त्यांच्या तोंडाशी न्यायची. शाईचा वास यायचा, घामाचा यायचा, दुसरा कधीच आला नाही. मी स्वयंपाकघरात येऊन मान हलवायची आणि आई म्हणायची, मुरलेला आहे. चार वर्षं हे चाललं. वडिलांना वाटायचं, लेकीचा आपल्यावर केवढा जीव. ते शेवटी पिवळे पडले, पोट फुगलं आणि गेले. त्यांच्या कपाटात, गादीखाली, छापखान्यातल्या खणात आम्ही बाटली शोधली. सापडली नाही. म्हणजे त्यांनी फारच बेमालूम लपवली, एवढंच आम्ही दोघींनी ठरवलं. पुरावा सापडत नाही तेव्हा चोर हुशार असतो, हे मी तिथे शिकले. आई गेल्यावर धाकट्याला मी वाढवलं, आणि त्याच्या वाटेतल्या प्रत्येक माणसाला हाच नियम लावला.

तीन वर्षांपूर्वी त्याचा रंग बदलू लागला. तू म्हणालीस, दिवसभर उन्हात खिडक्यांना काचा बसवतो, रापणारच. मला ते पटलं नाही, कारण सदरा बदलताना मी त्याचं पोट पाहिलं होतं, आणि पोटाला कोण ऊन लावतं? राखाडीवर तांबूस झाक, जुन्या भांड्यासारखी. मग तो दमायला लागला. दुपारी त्याच्या काचेच्या दुकानात उलट्या खोक्यावर बसून राहायचा. मग त्याच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं मुळाशी सुजली, काच कापायची हिरकणी धरवेना, आणि एका दुकानाचं अख्खं तावदान त्याच्या हातून सुटलं. मग साखर निघाली. एवढं सगळं एका माणसाला एकाच वेळी आपोआप होतं होय? मला तर वाटलं, कोणीतरी करतंय. आणि रोज त्याला जेवायला कोण वाढतं, हा विचार करायला मला फार वेळ लागला नाही.

एकदा तू माझ्यापाशी मन मोकळं करायला आली होतीस, आठवतं? खाली बघत म्हणालीस की तो आजकाल जवळ येत नाही, पाठ करून झोपतो, माझंच काही चुकतंय का. तेव्हा तुला जवळ घ्यायचं सोडून मी तुझ्या बोटांकडे बघत होते. तुझ्या बोटांना दुकानातल्या औषधांचा वास येत होता. पुढच्याच आठवड्यात मी माझा कोट धुवायला म्हणून तुझ्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात आले, तू पावती फाडायला वळलीस, आणि डाग काढायच्या टेबलावरच्या एका बाटलीतले चार थेंब मी कानाच्या औषधाच्या रिकाम्या शिशीत ओतून घेतले. हो, मीच. औषधवाल्याने ते हुंगलं, बाटलीवरचं नाव मी लिहून आणलं होतं ते वाचलं, आणि म्हणाला, हे कपड्यावरचे गंजाचे डाग काढायचं आम्ल आहे, पोटात गेलं तर विषच, पण ते कोण कशाला पिईल. त्यातलं विषापर्यंतचं मी घरी आणलं आणि उरलेलं त्याच्या काउंटरवरच ठेवून आले.

मग मी माझा उपाय सुरू केला. आता नीट वाच. मी धाकट्याला लोहाचं टॉनिक आणून दिलं. अशक्तपणा म्हणजे रक्त कमी, रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे लहानपणापासून ऐकलेलं. रोज दुपारी दोन मोठे चमचे, वर संत्र्याचा रस, कारण रसाबरोबर ते अंगात जास्त मुरतं असं बाटलीवर छापलेलं होतं. दर महिन्याला नवी बाटली मी स्वतः नेऊन त्याच्या दुकानात पुट्टीच्या डब्यामागे ठेवत आले. तुला सांगायचं नाही म्हणून त्याच्याकडून आईची शपथ घेतली. का सांगायचं नाही, तेही सांगितलं. तो आधी हसला, मग माझ्यावर चिडला, दोन दिवस बोलला नाही. पण मी त्याला भरवून मोठा केलाय, माझ्या हातचा चमचा तो परत कसा करणार? एकच अट त्याने घातली, बायकोचा डबा मी खाणार, त्याबद्दल ताई तू काही बोलायचं नाही. त्या वेळी मला वाटलं, किती भोळा आहे. हे सगळं दोन वर्षं चाललं, आणि कालपर्यंत चालू होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना, लोहाची गोळी, टॉनिक काही घेतो का? तू ठामपणे नाही म्हणालीस. तो तुझ्या शेजारी बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

आजाराचं नाव निघालं तेव्हाही माझा विश्वास बसला नाही. डॉक्टर म्हणाले, शरीराला लोह आत घ्यायला दार आहे, जादा झालेलं बाहेर टाकायला नाही. बाकीच्यांचं दार पुरेसं लोह आलं की मिटतं, याचं आईवडील दोघांकडून आलेल्या दोषामुळे सताड उघडं राहतं. मी म्हटलं, वा, अन्नातलं लोह खाऊन माणूस आजारी पडतो म्हणे, आणि उपाय काय, तर रक्त काढा! आधीच अशक्त माणसाचं! डॉक्टरांनी मलाही तपासणी करायला सांगितलं, सख्ख्या भावंडात चारातल्या एकाला निघतो म्हणून. मी मनात म्हटलं, एक गिऱ्हाईक मिळालं, आता दुसरं पाहिजे. गेले नाही. मग तुझ्या मालकाने तुझी गुरुवारची रजा बंद केली आणि मी तुला म्हटलं, तू कामावर जा, मी नेत जाईन त्याला. तू फोनवर ‘वन्सं, तुमचे उपकार कसे फेडू’ म्हणालीस. मी तिथे मदतीला गेले नव्हते, वहिनी. पाळतीवर गेले होते. पिशवी भरली की कुठे जाते, कोणाच्या गाडीत चढते, हे मला बघायचं होतं. एका गुरुवारी एक माणूस खोकं घेऊन मागच्या दाराने गेलेला दिसला. मला तेवढं पुरलं.

आता माझ्या बोटांची गोष्ट. दोन वर्षांपासून माझीही पहिली दोन बोटं मुळाशी दुखतात, दोन्ही हातांची. इतके शर्ट उलटे केले तर दुखणारच, असं म्हणून मी तेल लावायची. मागच्या महिन्यात खडू हातातून गळून पडायला लागला तेव्हा दाखवायला गेले. पण मी गेले गावाच्या दुसऱ्या टोकाला, धाकट्याच्या डॉक्टरांशी ज्यांचा काही संबंध नाही अशा एका हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे. घरी कोणाला काही आजार आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळे ठणठणीत. भाऊ आहे? नाही. वडील? म्हातारे होऊन गेले. सपशेल खोटं बोलले. बघू तरी, काहीही न सांगता ही बाई काय सांगते. त्यांनी माझी मूठ मिटवली, उघडली, ती दोन बोटं दाबली, कोपराच्या आतला रंग बघितला, पाळी कधी थांबली विचारलं. मी म्हटलं, चार वर्षं झाली, आणि बोटांचा त्याच्याशी काय संबंध? त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. कागद घेऊन गेले तेव्हा त्यांनी तेच नाव सांगितलं. मी दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले, शेजारणीच्या नावाने रक्त दिलं. तोच आकडा, फक्त शेवटचे दोन अंक वेगळे. मग आईवडिलांकडून आलेल्या त्या दोषाची चाचणी केली, ती यायला दोन आठवडे लागले. तीही तशीच आली.

आयुष्यभर मी लोकांना पकडायला सापळे लावले. हा पहिला सापळा असा निघाला की त्यात कोणी खोटं सापडलं नाही, मी सोडून.

त्यांनी मला कागदावर माणसाचं चित्र काढून समजावलं. तेव्हा मी त्या कागदावर मनात धाकट्यालाच ठेवत गेले. जादा लोह आधी यकृतात साठतं. यकृत मुकाट्याने ठेवून घेतं, वर्षानुवर्षं, आणि मग त्याच्या आत व्रण धरायला लागतात, ते कडक होतं. दारू पिणाऱ्याचं होतं तसंच हुबेहूब. मी त्यांना विचारलं, एखादा कधीच पीत नसेल तरी? त्या म्हणाल्या, तरीही. मला तिथून उठून बाहेर जावंसं वाटलं, कारण मला शाईचा वास आला. मग ते स्वादुपिंडात शिरतं आणि साखर वाढते. कातडीत उतरतं आणि ऊन न लागताच माणूस रापतो. सांध्यांत बसतं, आधी याच दोन बोटांच्या मुळाशी. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे, तिथे साठलं की पुरुषाला बायकोजवळ जावंसं वाटत नाही, त्यात बायकोची काहीच चूक नसते. हे वाक्य मी त्यांना दोनदा बोलायला लावलं. आणि सगळ्यांत शेवटी हृदयात. ठोके चुकतात, पाय सुजतात. बायकांना पाळीमुळे महिन्याच्या महिन्याला थोडं लोह बाहेर जातं म्हणून आजार उशिरा बाहेर येतो. म्हणून मी, फुलीबाई, इतकी वर्षं बचावले. रक्त काढलं की शरीर नवं रक्त बनवायला साठ्यातलं लोह उपसतं, हाच एक मार्ग, आणि हृदयाला धक्का बसायच्या आधी केला तर चांगलं आयुष्य निघतं. शेवटी त्यांनी बजावलं, लोहाच्या टॉनिकचा थेंबही घ्यायचा नाही, ते या आजारात विषासारखं. अकरा वर्षं ज्या हाताची मी वाट बघत होते तो सापडला. दोन वर्षं तो दर महिन्याला पुट्टीच्या डब्यामागे बाटली ठेवत होता.

सोमवारी माझ्या हातातून पहिली पिशवी भरली. ती कुठे जाते ते मी विचारलंच. तिथला माणूस मला घेऊन मागच्या अंगणात गेला आणि जाळायच्या कचऱ्याचं पिंप दाखवलं. मी झाकण उचलून आत बघितलं. माझीच पिशवी होती, माझ्या नावाची.

आज गुरुवार आहे आणि हे मी संध्याकाळी सहा वाजता लिहितेय. उद्या सकाळी तू शटर उचलायच्या आधी पाकीट खालून सरकवेन, समोर उभं राहायची माझी हिंमत नाही. वहिनी, गेले चार गुरुवार धाकटा रक्त द्यायला गेलेला नाही. मीच जाऊ दिलं नाही. तुझं रक्त विकतायत, तुला सुकवतायत, आणि बायकोला हे सगळं माहीत आहे, असं मी त्याला इतकं सांगितलं की शेवटी त्याला पटलं. रक्त काढायच्या खोलीतल्या कागदावर मी घरचा म्हणून माझा नंबर दिलाय, तिथल्या मुलीचे तीन फोन मी परतवून लावले. दर गुरुवारी दुपारी तो माझ्याकडे येतो, माझ्या पलंगावर झोपतो, आणि पाच वाजता उठून हात पुढे करतो. मग मी त्याच्या कोपराच्या आत कापसाचा बोळा ठेवून वर पट्टी चिकटवते, आणि तो घरी गेल्यावर त्या हाताला धक्का लागू नये म्हणून तू त्याची ताटवाटीही उचलतेस, हे तो मला येऊन सांगतो. आज सगळं सांगायचं ठरवून मी बसले होते. त्याने बूट काढले तर पावलं सुजलेली. झोपायच्या आधी म्हणाला, ताई, एका तुझ्यावर तेवढा विश्वास ठेवता येतो. मी त्याच्या अंगावर चादर ओढली, आणि पाच वाजता मी सगळं माहीत असून पुन्हा पट्टी चिकटवली. म्हणून हे पत्र. तू सांगितलंस तर तो ऐकणार नाही, तुझं ऐकायचं नाही हेच मी त्याला शिकवलंय. हे पत्र त्याला वाचून दाखव, अक्षर माझं आहे हे तो ओळखेल, आणि आईच्या शपथेतून मी त्याला सोडवलं असंही सांग. बाटली फेकून दे. पावलांची सूज डॉक्टरांना आधी सांग. रक्त काढायची खोली शनिवारी सकाळी आठला उघडते, मी विचारून ठेवलंय. मी तिथे येणार नाही, तू बोलावल्याशिवाय. आणि माझ्या शब्दावर तर मुळीच जाऊ नकोस. पट्टी तो शुक्रवारी रात्रीपर्यंत काढत नाही. उद्या तो घरी आला की त्याचा हात धर, पट्टी उचल, आणि खाली सुईची खूण आहे का ते स्वतः बघ.

तुझीच, जमलं तर,
वन्सं